थिजलं का?

आमच्या मालकांच्या मते जगात वाईट माणूस नव्हताच. होता तो फक्त तापलेला माणूस. कुणाची सासू, कुणाचे हेडमास्तर, रेशनदुकानदार, कुणाबद्दलही तक्रार करा, मालक शांतपणे ऐकून घ्यायचे, डोक्यावरचा ओला नॅपकिन उलटा करायचे आणि विचारायचे, "हे किती वाजता झालं?" दुपारी झालं म्हटलं की खटला तिथेच निकालात. दुपारी माणूस बोलत नाही, ऊन बोलतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

मालक म्हणजे आमचे घरमालक. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही नवरा-बायको वाशीला राहायला आलो, तेव्हा सेक्टरात निम्मी घरं होती आणि निम्मे खड्डे. मालकांच्या रो-हाउसमध्ये वरच्या दोन खोल्या आमच्या, खाली मालक, काकू आणि त्यांची एकुलती एक नंदा. मी शाळेत शिकवायचे म्हणून मालकांनी पहिल्या दिवसापासून मला 'बाई' करून टाकलं. त्यांची स्वतःची हयात मुंबईच्या बंदरावर, एका बर्फाच्या कारखान्यात गेली होती. इतकी वर्षं लाद्यांच्या सहवासात काढल्यावर वाशीचा मे महिना त्यांना वैयक्तिक अपमानासारखा वाटायचा.

त्यांच्याकडे कुठलंही गाऱ्हाणं न्यायचं तर पहाटे न्यावं लागे. आमचा मोरीतला नळ गळायचा. मी शाळेतून आले की संतापून खाली जायची, आणि मालक हात जोडून म्हणायचे, "बाई, उद्या उजाडायच्या आत या. आत्ता आपण दोघंही आपण नाही." पहाटे गजर लावून, डोळे चोळत नळाबद्दल भांडायला जाणारी मी त्या सेक्टरातली एकमेव भाडेकरू असेन. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी भांडण जमतच नसे. काकू चहा द्यायच्या, मालक नळाची चौकशी एखाद्या आजारी नातेवाइकाची करावी तशी करायचे, आणि मी नळ तसाच ठेवून हसत वर यायची. वर आमचं नवरा-बायकोचं वाजलं, तर थोड्या वेळानं दारात दोन पेले कोकम सरबत ठेवलेलं असे. आणणारं कुणी दिसत नसे. सरबत पिऊन पुन्हा भांडायला घ्यायचं म्हणजे लाज वाटायची, त्यामुळे आमचा संसार टिकला त्यात कोकमाचा वाटा मोठा आहे.

या साऱ्या तत्त्वज्ञानाचं मूळ कुठे होतं, ते काकूंनी मला एकदा मेथी निवडताना सांगितलं. त्या दोघांचं लग्न मे महिन्यात झालं होतं. हॉलमध्ये मोठा पंखा एकच, उभा, मान फिरवता येणारा. काकूंच्या मामांनी तो नवरीकडच्या बायकांकडे वळवला आणि वरमाय घामानं भिजत बसली. तेवढ्यावरून जे बिनसलं ते बिनसलंच. पुढे कित्येक वर्षं काकूंना माहेरी जायचं तर सासूच्या परवानगीसाठी रडावं लागे. मालक दोघींच्या मध्ये उभे राहायचे आणि दोघींची बोलणी खायचे. मालक हे ऐकत होते. ते म्हणाले, "माझी आई वाईट नव्हती हो बाई. पंखा जरा इकडे फिरवला असता कुणी, तर एवढं आयुष्य सोपं गेलं असतं." हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीचा मिस्कीलपणा नव्हता.

आता गाडीचं सांगते. ती नसती तर मालक नुसतेच विक्षिप्त ठरले असते. गाडीनं त्यांना आख्ख्या सेक्टरात प्रसिद्ध केलं. एका परदेशी कचेरीनं लिलावात काढलेली ती लांबलचक अमेरिकन गाडी मालकांनी घेतली, कारण तिच्यात एअरकंडिशन होतं. बाकी तिच्यात काय आहे हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. स्टिअरिंग डावीकडे होतं. इंजिन इतकं पेट्रोल प्यायचं की चार दिवसांत मालकांनी गाडी उभी केली, आणि उभ्या उभ्याच ते इंजिन बसलं. मग तळवली गावच्या काशिनाथ मेकॅनिकनं तिच्यात एका मोडीत निघालेल्या टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं. त्यानंतर ती बाहेरून मंत्र्याची आणि आवाजानं कांद्याची गाडी झाली. तुर्भ्याच्या मार्केटजवळून जाताना लोक आवाज ऐकूनच हात करायचे, वळून पाहायचे आणि पोती तशीच हातात धरून उभे राहायचे.

इंजिन बदललं आणि थंडी गेली. जुन्या इंजिनावर बसवलेला थंडीचा कॉम्प्रेसर नव्या इंजिनावर कुठेच बसेना. काशिनाथला इंजिन कळायचं, थंडी कळत नव्हती. मालकांना थंडी कळायची, गाडी कळत नव्हती. त्यामुळे काहीही बिघडलं की बिघाड दुसऱ्याच्या हद्दीत असे. काशिनाथ म्हणायचा, "काका, इंजिन टेम्पोचा हाय. त्यानं जल्मात कदी थंडी बगली नाय." मालक म्हणायचे, इंजिनाला थंडी बघायला सांगितलीय कुणी, त्यानं फक्त पट्टा फिरवावा.

थर्मामीटरवर मालकांचा विश्वास नव्हता. ते म्हणत, आकडा बघून कुणाला गार वाटत नाही. त्यांचं माप म्हणजे खोबरेल तेलाची बाटली. आमच्याकडे तेल थिजतं ते डिसेंबर-जानेवारीतल्या चार सकाळी, तेही नशिबानं. ते मे महिन्यात गाडीत थिजलं, म्हणजे गाडी पास. डॅशबोर्डवर, जिथून वारा यायचा त्या जाळीसमोर, त्यांनी काकूंची केसांच्या तेलाची काचेची बाटली सुतळीनं बांधून टाकली. त्या दिवसापासून गल्लीत कुणी कुणाला "कसं काय" विचारेना. दूधवाला, पेपरवाला, समोरचे बँकेतले गृहस्थ, सगळे मालकांना बघून एकच विचारायचे, "थिजलं का?" मालक रागवत नसत. "अजून नाही. पण विचारात आहे," म्हणायचे.

हे सगळं हौसेपुरतं राहिलं असतं, पण नंदाचं लग्न ठरलं. मुलगा दादरचा, चांगल्या नोकरीतला, आणि नंदाच्याच पसंतीचा. मुहूर्त मात्र निघाला मे महिन्यातला, तोही भरदुपारचा. बैठकीला वरमाय आल्या. अंगानं भरदार, बोलण्यात कडक, आणि पदरानं सारखा वारा घेणाऱ्या. त्यांना पाहिलं आणि मालकांचा चेहरा पडला. मला वाटतं त्यांना समोर आपली आईच दिसली. मानपानाचं बोलणं निघालं तसे मालक एकदम म्हणाले, "बाकी सगळं रीतीनं करूच. पण विहीणबाईंना मी स्वतः दादरहून मांडवापर्यंत थंड गाडीतून आणीन. घामाचा थेंब येऊ देणार नाही." काकूंनी कपाळाला हात लावला. वरमाय पदर थांबवून म्हणाल्या, "मग बाकीचा मानपान राहू द्या. मला एवढंच पाहिजे. पण ते मात्र झालं पाहिजे."

झालं, आता माघार नव्हती. लग्न महिन्यावर आलेलं, घरात पापड वाळत होते, आणि मालक गाडीखाली. कॉम्प्रेसर बसवायला पट्टी हवी होती, म्हणून त्यांनी घरातल्या लोखंडी पलंगाची बाजू कापली. काकू तेव्हापासून जमिनीवर झोपायला लागल्या आणि पाठ सुधारली म्हणाल्या. पट्टा पिठाच्या गिरणीतून आला. कुर्ल्याहून माणूस आणून गॅस भरला. एका सकाळी खटका दाबल्यावर कॉम्प्रेसर खरोखर फिरला, नळीवर दव धरलं, आणि मालकांनी काशिनाथला मिठी मारली.

पण गाडीत वारा गरमच. सगळी थंडी जायची ती समोरच्या काचेवर. आत बसणाऱ्यांना घाम आणि काचेला बाहेरून दव! ऐन मे महिन्यात वाशीत धुकं पडायचं ते फक्त मालकांच्या काचेवर, आणि ते पुसायला मालक डोक्यावरचा नॅपकिन घेऊन खिडकीबाहेर अर्धे लोंबकळायचे. काशिनाथ म्हणाला, हे थंडीच्या हद्दीतलं. मालक म्हणाले, इंजिनाच्या. आणि या वेळी दोघंही बरोबर होते, हे नंतर कळलं.

कळलं ते असं. डॅशबोर्डखाली एक बारीक रबरी नळी नुसतीच लोंबत होती. मालकांना वाटलं, तिच्यात कुंभारमाशीनं घर केलंय. म्हणून त्यांनी ती तोंडात धरून जोरात हवा आत ओढली. डॅशबोर्डच्या आत टप्प आवाज झाला, आणि शेजारी बसलेल्या काकूंच्या चेहऱ्यावर असा गार झोत आला की त्यांच्या तोंडून "अगं आई" निघालं. मालक आनंदानं ओरडले. ओरडायला तोंड उघडलं, नळी सुटली, टप्प, झोत बंद. पुन्हा ओढलं, थंडी. पुन्हा बोलले, गरम. गाडीतली वाऱ्याची झडप, जुनं पेट्रोल इंजिन हवा आत ओढायचं, त्या ओढीवर उघडत होती. टेम्पोच्या डिझेल इंजिनाला असली ओढच नव्हती. ती आता मालकांच्या फुप्फुसांना द्यावी लागत होती.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस आठवले की मला अजून एकटीला हसू फुटतं. मालक तोंडात नळी धरून गाडी चालवायचे आणि जन्माचे बडबडे असल्यामुळे थंडी कुठल्याच नाक्यापर्यंत टिकायची नाही. माझ्या नवऱ्यानंही नळी ओढून पाहिली. त्याला सेक्टर संपायच्या आत चक्कर आली. बाटलीतलं तेल गढूळ व्हायचं, आता थिजणार म्हणून आम्ही श्वास रोखायचो, आणि तेवढ्यात मालकांना काहीतरी सुचायचं. शेवटी काकू म्हणाल्या की वरमाईंसमोर व्याही तोंडात नळी घेऊन बसले तर लग्न मोडेल, आणि तेही बरोबरच होईल.

तोडगा मी काढला. उगाच विनय कशाला. झडपेला दोरी बांधून ओढली तर फुप्फुसं कशाला हवीत? सुतळी हाताला काचली, तारेनं बोट कापलं. काकूंनी परकराची नवीन नाडी काढली, सेफ्टीपिनेला लावली आणि डॅशबोर्डच्या पोटातून अशी सफाईनं ओवून घेतली की काशिनाथनं कानाला हात लावले. नाडी ओढली की थंडी, सोडली की बंद. कशाला तरी बांधून टाकावी म्हटलं तर पहिल्या खड्ड्यात ताण बसून तुटायची. बोटाला गुंडाळून धरली तर हात वरखाली व्हायचा आणि नाडी टिकायची. म्हणजे लग्नाच्या दिवशी पुढच्या सीटवर नाडी धरायला कुणीतरी हवं होतं. शिवाय स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे उजवीकडे बसणाऱ्यानं समोरून ट्रक येतोय का ते बघून सांगायचं असे. दोन्ही कामं माझ्या गळ्यात पडली.

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही दादरला पोचलो. मागे वरमाय, त्यांची जाऊ आणि दोन मावश्या, चौघीही शालूत आणि चौघीही सारख्याच खात्यापित्या घरच्या. मी बोटाला नाडी गुंडाळून, वर ओटीचा नारळ धरून लपवून बसलेली. खटका, नाडी, झोत. मागचे चार पदर एकदम वारा घ्यायचे थांबले. सायन गेलं, चेंबूर गेलं, मानखुर्द आलं. मालक एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांना इतकं गप्प कधीच पाहिलं नव्हतं. त्यांची नजर रस्ता सोडून सारखी आरशात, वरमाईंच्या कपाळाकडे जात होती.

आणि खाडीपूल आला. त्या पुलाला चढ असा काही फार नाही, पण टेम्पोच्या इंजिनाला ती अवाढव्य गाडी, सहा माणसं आणि थंडी, एवढं सगळं मिळून फार झालं. गाडी आधी हळू झाली, मग रांगायला लागली, मग सायकलवाले वळून बघत पुढे जायला लागले. मुहूर्त जवळ येत होता. मी हळूच म्हटलं, मालक, थंडी बंद करा, चढून जाईल. त्यांनी मान हलवली. गाडी एक आचका देऊन थांबलीच.

"काय झालं?" मागून वरमाईंनी विचारलं.

मालकांनी खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. म्हणाले, "विहीणबाई, हिला थंडी आणि चढ दोन्ही एकदम जमत नाही."

"मग थंडी बंद करा."

"ते नाही व्हायचं. मी शब्द दिलाय."

मालकांच्या मानेवरून घामाचा ओघळ उतरत होता, त्या तेवढ्या गारव्यात. आता या बाई काय बोलतील, आणि जे बोलतील ते नंदाला किती वर्षं ऐकावं लागेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वरमाय जरा पुढे वाकल्या. त्यांनी बांधलेली तेलाची बाटली पाहिली, नारळाखालून डॅशबोर्डमध्ये गेलेली परकराची नाडी पाहिली, माझं निळं पडलेलं बोट पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "आम्ही चौघी उतरलो तर चढेल?"

"चढेल," मालक प्रामाणिकपणे म्हणाले.

आणि त्या उतरल्या. शालूच्या निऱ्या हातात धरून, जाऊ आणि मावश्यांना पुढे घालून. मीही उतरायला निघाले तर मालक कळवळून म्हणाले, "बाई, तुम्ही नको. नाडी कोण धरणार?" तेव्हा दृश्य असं होतं, की नवऱ्यामुलाची आई भरउन्हात पूल चढते आहे, शेजारून तिच्यासाठी आणलेली गाडी काचा बंद करून, रिकामी आणि गारेगार, तिच्याच चालीनं चढते आहे, आणि त्या गारव्यात मी, नात्यागोत्याची नसलेली भाडेकरू, राणीसारखी बसले आहे. करावे गावच्या दोन बाया डोक्यावर मासळीच्या पाट्या घेऊन येत होत्या. एकीनं विचारलं, "बाय, गारी हाय ना? मंग उनातना चालतेस कनाला?"

"गाडी गार राहायला हवी ना," वरमाईंनी चालता चालता सांगितलं. आणि सांगितल्यावर त्यांना आपण काय बोललो ते कळलं असावं. त्या कठड्याला धरून हसायला लागल्या. जाऊ हसली, मावश्या हसल्या, पाट्या सावरत त्या बाया हसल्या. काचेच्या आत मी हसून नाडी सोडणार होते, ती मालकांनी ओरडून वाचवली. चढ संपल्यावर चौघी परत आत शिरल्या, घामानं निथळत, आणि त्या झोतात वरमाईंनी डोळे मिटून असा श्वास सोडला की ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता ते मालकांना तिथेच मिळालं.

मांडवात पोचलो तेव्हा भटजी दोनदा बाहेर येऊन गेले होते. नवऱ्याच्या काकांनी जरा आवाज चढवून उशीर का झाला ते विचारलं. मी मालकांकडे पाहिलं, मालक चपलांकडे. वरमाय शांतपणे म्हणाल्या, "गाडीत फार थंडी वाजत होती, भावजी. म्हणून मधे जरा उन्हात उभ्या राहिलो."

अक्षता वेळेवर पडल्या. जेवणं झाली, आणि दुपार कलल्यावर पाठवणीची वेळ आली. मुलीच्या बापानं वरातीबरोबर जायची आमच्याकडे रीत नाही, पण ती गाडी दुसऱ्या कुणाला चालवताच येत नव्हती, त्यामुळे मालक स्वतःच मुलीला सासरी सोडायला निघाले. काकू रडत होत्या, नंदा रडत होती, मीही रडत होते. मालक नाडीची गाठ तपासत होते. मागे नवरानवरी बसली. मी पुढच्या दाराशी गेले, तर वरमाय आधीच तिथे बसलेल्या. त्यांनी हात पुढे केला.

"द्या ती नाडी इकडे. माझ्या सुनेला उकडता कामा नये."

मी नाडी त्यांच्या बोटाला गुंडाळून दिली, फार घट्ट नको म्हणून सांगितलं, आणि ट्रकचंही सांगितलं. गाडी टेम्पोचा आवाज करत नाक्यावरून वळली.

मालक परत आले ते दिवेलागणीला. मांडव निम्मा उतरवून झाला होता, काकू खुर्चीवर नुसत्या बसल्या होत्या. गाडी थांबली तेव्हा पाहिलं, मालकांनी नाडी दातांत धरली होती. दादरपासून वाशीपर्यंत, आख्खी वाट. काचा बंद, तोंड बंद. त्यांनी बाटलीची सुतळी सोडली, नाडी तोंडातून काढली आणि काकूंच्या पुढ्यात येऊन उभे राहिले.

"थिजलं का?" काकूंनी विचारलं.

मालकांनी बाटली उलटी धरली. तेल पांढरंशुभ्र, जागचं हललं नाही. ते सांगू लागले, की विहीणबाईंनी सगळी वाट नाडी सोडली नाही, पुलावर जावई आपणहून उतरले, आणि वारा मागे नंदापर्यंत पोचतो का ते विहीणबाई सारख्या वळून विचारत होत्या. "वळून विचारत होत्या गं," ते पुन्हा म्हणाले, आणि मग इतका वेळ दातांत धरलेलं सगळंच सुटलं. बाटली छातीशी धरून ते लहान मुलासारखे रडायला लागले.

काकू उठल्या. मांडववाल्यानं न्यायला काढून ठेवलेला उभा पंखा त्यांनी पुन्हा जोडला आणि त्याची मान मालकांकडे फिरवली.